फाट्यावरच्या यानाला जाळी नको

मी एक जुनं अंतराळयान आहे. हसलात ना? हसा. मुकुटबनच्या रस्त्याला तांड्याचा फाटा लागतो, तिथे एका कुशीवर किंचित कललेला, एकच पंख असलेला आणि नाकाच्या जागी उलटी कढई लावलेला मी उभा आहे. येणारे-जाणारे ट्रकवाले अजूनही मान वळवून बघतात आणि दात काढतात. मला त्याचं काही वाटत नाही. पण मित्रांनो, हसून झालं की थोडं ऐका. मी आजवर जमिनीपासून वीतभरही वर गेलो नाही, हे खरं आहे. तरी खऱ्या शटलमधून जेवढी माणसं आकाशात गेली, त्याच्या कितीतरी पट माणसं माझ्यात बसून गेली आहेत, हेही तेवढंच खरं आहे.

मला मोडून भंगारात घालायचं एकदा ठरलं होतं. ते टळलं, तर पुढे माझा देव करायचं ठरलं. दोन्ही वेळी माझ्यातली माणसं आधी बाहेर काढायची होती. दोन्ही वेळी मी मनातल्या मनात नाही म्हणालो, आणि मला तोंड नसल्यामुळे माझ्या वतीनं माणसांनी ते मोठ्यानं सांगितलं. तीच हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, प्रेमसिंगच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. निमित्त होतं नवरात्राचं. यवतमाळचं नवरात्र बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही, ते पायी फिरूनच बघावं लागतं. गल्लोगल्ली देवी बसते आणि प्रत्येक मंडळाला शेजारच्या मंडळापेक्षा वरचढ देखावा हवा असतो. कोणी राजवाडा उभारतं, कोणी बर्फाचा डोंगर करतं. खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं येतात आणि पाय दुखेपर्यंत देव्या बघत हिंडतात.

आमच्या मंडळात श्रीकृष्णकाका होते. ते बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. नाल्यांचे आणि पुलांचे नकाशे काढून काढून त्यांचा हात सरळ रेषेला कंटाळला असावा. एका वर्षी मंडळाच्या बैठकीत ते म्हणाले, "राजवाडे पुष्कळ झाले. यंदा अमेरिकेचं शटल करू. अन् नुसतं बघायचं नाही, लेकरांनी त्यात बसायचं."

"बसून जातीन कुठं?" मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी विचारलं.

"वर," काका म्हणाले आणि त्यांनी कागद पसरला.

प्रेमसिंगनं अँगलचा सांगाडा जोडला आणि त्यावर पत्रा ठोकला. लग्नात बुंदी पाडणाऱ्या एका आचाऱ्याची मोठी कढई बुडाला भोक पडून वाया गेली होती, ती उलटी करून माझं नाक केलं. मागच्या इंजिनांच्या जागी तीन घमेली बसवली. आत बसायला बंद पडलेल्या एका टॉकीजच्या खुर्च्या आणल्या, त्या माणूस उठला की फाटकन मिटायच्या. माझ्या पोटाखाली ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्या. तुम्हाला हे सगळं ऐकून गंमत वाटत असेल. मला मात्र माझ्या एकेका भागाचा अभिमान आहे. निदान माझ्या अंगात काय काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलं काहीही मी लपवून ठेवलेलं नाही.

नावावरून भांडण झालं. काकांना 'भारत' लिहायचं होतं. विठ्ठलराव म्हणाले, देवीच्या मांडवातली वस्तू आहे, देवीचंच नाव हवं. शेवटी पेंटरनं एका अंगाला 'भारत' लिहिलं आणि दुसऱ्या अंगाला 'जय माता दी'. दोघंही खूश झाले. मला कोणी विचारलं नाही.

नवरात्र सुरू झालं आणि माझी मानवी उड्डाणं सुरू झाली. एका वेळी सात लेकरं आत शिरायची. पहिल्या माळेला लेकरं घाबरून रडायला लागली, तेव्हा श्रीकृष्णकाकांच्या बायको शुभदाकाकू पदर खोचून आत आल्या आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या. त्या पोस्टात नोकरी करायच्या आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. "मी हाये ना सोबत, चला," असं त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणाला त्याच कप्तान. बाहेरून भोंग्यावर काका आकडे उलटे मोजायचे. शून्य आलं की मंडळाची दणकट पोरं खालच्या ट्यूब गदागदा हलवायची. धुराची सोय आरतीतून केलेली होती. आरती झाली की धुपाटणी माझ्या घमेल्यांखाली सरकवायची आणि त्यात मूठभर ऊद टाकायचा. आतली लेकरं खोकत, किंचाळत, हसत बाहेर यायची. अंतराळाला देवघरासारखा वास येतो, असं यवतमाळच्या एका अख्ख्या पिढीला वाटत असेल, तर त्याला मी जबाबदार आहे.

प्रेमसिंगची मोठी बहीण बसंतीबाई झरी जामणीकडच्या बंजारा तांड्यावरून देवी बघायला आली होती. आरशांची चोळी, हातभर बांगड्या आणि डोक्यावर गाठोडं. ती सरळ रांगेत उभी राहिली. दारावरचा पोरगा म्हणाला, "मावशी, फक्त लेकरं."

"मंग मी कोन हावो? मी बी कोनाचं तरी लेकरूच हावो ना," ती म्हणाली आणि गाठोड्यासकट आत येऊन बसली. उड्डाण झाल्यावर ती उतरेचना. तिला दुसऱ्यांदा जायचं होतं. काकूंनी तिला दुसऱ्यांदा नेलं.

देखावा दर वर्षी बदलायचा असतो, पण लोक मलाच मागायला लागले. म्हणून मंडळ मला दर नवरात्रात पुन्हा काढायचं आणि पुन्हा रंगवायचं. मग एक वाईट वर्ष आलं. आकाशातून परत येताना एक खरं शटल तुटलं आणि त्यातली सगळी माणसं गेली. त्यांच्यात आपल्याच देशात जन्मलेली एक मुलगी होती. त्या नवरात्रात यान ठेवावं की नाही, यावर मंडळात बराच खल झाला. काकू म्हणाल्या, ठेवायचं. पहिल्या उड्डाणाआधी त्यांनी सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं भोंगे बंद ठेवले, आणि मग त्याच पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या वर्षी त्यांचा हात माझ्या दांड्यावर घट्ट होता. मला तो अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं.

पुढे काही वर्षांनी, दोन हजार अकराच्या पावसाळ्यात, बातमी आली की अमेरिकेनं शटलची उड्डाणं कायमची बंद केली. शेवटचं शटल उतरलं, कार्यक्रम संपला. नवरात्राच्या तयारीची बैठक माझ्याजवळच भरली होती. विठ्ठलराव पेपर मांडीवर ठेवून बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण देवीच्या बाबतीत फार जपून वागायचा.

"भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो का? नाही ठेवत," ते म्हणाले. "मंग बंद पडलेलं यान देवीपुढं काहून ठेवायचं? ज्याचं होतं त्यानं बंद केलं. आपण काहून चालवून राह्यलो?"

"त्यांचं बंद पडलं, विठ्ठलराव," शुभदाकाकू म्हणाल्या. "आपलं तर चालून राह्यलं ना. आपल्याला त्यांनी थोडंच विचारून सुरू केलं होतं?"

माणसं हळूहळू विठ्ठलरावांच्या बाजूला झाली, कारण अपशकुनाची शंका एकदा मनात शिरली की ती काढणं कठीण असतं. त्या वर्षी दिव्यांचा राजवाडा करायचं ठरलं. मला तोडून पत्रा विकायचा आणि अँगल पुढच्या देखाव्याला वापरायचा, असंही ठरलं. इकडे यवतमाळात माझा मानवी उड्डाण कार्यक्रम असा एका बैठकीत संपला. मित्रांनो, मी तेव्हा फार चिडलो होतो. समुद्रापलीकडच्या कुणी तरी आपली यानं थांबवली म्हणून लोहाऱ्याच्या कढईनं का थांबायचं, हे मला कोणीही समजावून सांगितलं नाही. आजही कोणी सांगत नाही.

तोडायचं काम प्रेमसिंगकडे आलं. त्यानं माझा एक पंख कापला. तेवढ्यात त्याला कुणाच्या तरी गोठ्याचं घाईचं काम आलं, मग दुसरं, मग तिसरं. कापलेला पंख त्यानं शेडच्या दारावर उन्हाला आडोसा म्हणून लावला आणि मला मागच्या अंगाला ढकलून ठेवलं. माझ्यात कोंबड्या राहायला आल्या. कोंबड्यांशी माझं वैर नाही, पण त्यांना कुठेच जायचं नसतं.

एकदा काका-काकू घराचं फाटक करून घ्यायला शेडवर आले. काका थकले होते. त्यांच्या मोबाइलवर खऱ्या शटलचे फोटो होते. ती आता मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवली आहेत, छान धुऊनपुसून, भोवती दोरी बांधून. कोणी हात लावायचा नाही, आत तर पाऊलही ठेवायचं नाही. काका म्हणाले, "बघ, किती चांगलं ठेवलंय."

काकूंनी चष्मा लावून बघितलं. "चांगलं कसलं? रिकामं ठेवलंय," त्या म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे आल्या, एका कोंबडीला हाकललं आणि पुढच्या खुर्चीवर थोडा वेळ बसल्या.

त्या शेडमध्ये कामकऱ्यांचे मोबाइल सतत चालू असायचे, त्यामुळे जगात काय चाललंय ते मला समजायचं. अमेरिकेची माणसं काही वर्षं दुसऱ्या देशाच्या यानांतून ये-जा करत राहिली. मग तिकडे नवी यानं आली, डब्यासारखी गोल. आता आपला देशही स्वतःच्या यानातून स्वतःची माणसं पाठवायची तयारी करतो आहे. खोटं कशाला बोलू, ती बातमी ऐकली तेव्हा मला असूया वाटली. मग वाटलं, जाऊ दे, खुशाल जाऊ दे. पण मी संपलो असं कोणी म्हणू नये.

आणि मी संपलो नव्हतोच. काही वर्षांपूर्वी बसंतीबाई भावाकडे आली. डोक्याचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. तिच्या तांड्यावरच्या आणि आसपासच्या मुली शिकायला मुकुटबनला जायच्या. बस फाट्यावरून जायची, पण तिथे मंजूर थांबा नव्हता, निवारा नव्हता, एक झाडसुद्धा नव्हतं. मुली उन्हात उभ्या राहायच्या. कधी गाडी थांबायची, कधी पुढे निघून जायची, आणि मग मुली घरी परतायच्या. असं वारंवार झालं की आईबाप म्हणायचे, राहू दे ती शाळा.

बसंतीबाईनं मला ओळखलं. माझ्या पत्र्यावर थाप मारून ती भावाला म्हणाली, "हे इथी कायले सडवून राह्यला तू? मले दे. फाट्यावर ठेवतो. पोरी बसतीन सावलीत."

"अवं बाई, ते मांडवातलं खेळणं हाये," प्रेमसिंग म्हणाला.

"मी बसली होती ना त्यात. दोन डाव जाऊन आली. मले नको सांगू."

ट्रॅक्टरवर घालून मला न्यायला अख्खा दिवस लागला. वाटेत प्रत्येक गावात माणसं बाहेर येऊन बघत होती आणि मी माझी कढई शक्य तेवढी ताठ ठेवली होती. फाट्यालगत किसनरावांचं कपाशीचं आणि तुरीचं शेत आहे. बसंतीबाईनं त्यांच्याकडे जागा मागितली. ते भले गृहस्थ, त्यांची स्वतःची मुलगी प्रेरणाही त्याच बसनं कॉलेजला जायची. त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मला उभं करू दिलं. प्रेमसिंगनं खुर्च्यांना तेल दिलं. उभं करताना मी असा वळलो, की माझं 'जय माता दी' रस्त्याकडे आलं आणि 'भारत' तुरीकडे.

दुसऱ्या दिवशी बस आली. चालक शामभाऊंनी लांबून मला पाहिलं आणि गाडीचा वेग कमी झाला. जवळ येऊन त्यांनी अक्षरं वाचली. ऊन तापलं होतं, आणि ऊन तापलं की माझ्या पत्र्यातून इतक्या वर्षांचा ऊद अजूनही दरवळतो. शामभाऊ गाडीतून उतरले, चप्पल काढली, माझ्या कढईला हात लावून तो कपाळाला लावला. तेवढ्यात मुली पटापट गाडीत चढून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नारळ आणला.

झालं. शामभाऊ रोज थांबायला लागले. त्यांचं बघून ट्रकवाले थांबायला लागले. कढईला कुंकू लागलं, पंखाला हिरव्या बांगड्या बांधल्या गेल्या, कुणीतरी नवस बोललं. सुरुवातीला मला हसू आलं. बस थांबतेय ना, मग लावा कुंकू, मी मनात म्हणालो. तिथेच माझी चूक झाली असं नाही म्हणणार मी, कारण मला विचारलं कोणी होतं? पण गोष्ट हळूहळू हाताबाहेर गेली.

आधी मुलींना सांगितलं, चपला काढून बसा. मग सांगितलं, आत डबा खाऊ नका. मग सांगितलं, खुर्चीवर बसू नका, दाराशी बसा. आणि मग एक दिवस कुणी तरी म्हणालं, महिन्याच्या त्या चार दिवसांत मुलींनी आत पायच ठेवू नये. कुणी म्हणालं ते मी सांगत नाही, कारण सगळेच मान हलवत होते. प्रेरणा बारावीला होती. त्या दिवसांत ती पुस्तक डोक्यावर धरून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, आणि आठ खुर्च्या माझ्या पोटात रिकाम्या असायच्या. मार्चच्या उन्हात वऱ्हाडातलं डांबर कसं तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मित्रांनो, आयुष्यात मला भंगाराची भीती वाटली नव्हती. त्या रिकाम्या खुर्च्यांची मात्र मला लाज वाटली.

त्यात किसनरावांना त्या वर्षी सोयाबीननं हात दिला. त्यांच्या मनात आलं की देवीचं नीट काही तरी करावं. खुर्च्या काढायच्या, आत फरशी बसवायची, यवतमाळहून मूर्ती आणायची आणि दाराला लोखंडी जाळी लावून कुलूप घालायचं, म्हणजे गुरंढोरं आत शिरणार नाहीत. सगळं भक्तीनं चाललं होतं. मार्चमधला एक शुक्रवार ठरला. जाळी बसवायला आणि खुर्च्या उखडायला लोहाऱ्याहून प्रेमसिंगला बोलावलं.

त्या सकाळी मूर्ती ट्रॉलीतून आली. पुढे डफडं वाजत होतं, मागे बायका होत्या. किसनरावांच्या बायको तानाबाई यांच्या हातात पूजेचं ताट होतं. जाळी माझ्या अंगाला टेकवून ठेवली होती. प्रेमसिंग पाना घेऊन आत शिरणार, इतक्यात प्रेरणा आली. तिच्या पाठीवर दप्तर होतं. ती चपला न काढता आत शिरली आणि पुढच्या खुर्चीवर बसली.

डफडं थांबलं.

"प्रेरणा, उतर खाली," किसनराव म्हणाले. "काय करून राह्यली तू? तुझी माय म्हणत होती, तुले तर..."

"हो बाबा, माझे तेच दिवस हायेत," प्रेरणा सगळ्यांसमोर म्हणाली. "माझा आज पेपर हाये. काल मी इथं उन्हात उभी होती तं मले घेरी आली. गाडीत चढली अन् पेपरात काहीच आठवलं नाही. आज मी उभी नाही राहणार. गाडी येईपर्यंत बसतीन, मंग जाईन."

बायकांच्या घोळक्यातून बसंतीबाई पुढे आली. ती आली ती सरळ आत, प्रेरणाच्या बाजूच्या खुर्चीवर. मग तिनं बाहेर उभ्या असलेल्या मुलींना हाक मारली, "या वं छोऱ्यांनो, काय पाहून राह्यल्या?" एकेक मुलगी आत आली. काहींनी चपला काढल्या, काहींनी नाही. माझ्या आठही खुर्च्या भरल्या आणि दोघी खाली बसल्या. खरं सांगतो, माझ्या अंगातला गंजलेला एकेक नट तेव्हा घट्ट झाला.

"बसंतीबाई, तुम्ही तरी समजून घ्या," किसनराव कळवळून म्हणाले. "मी काही वाईट करून राह्यलो का? देवी हाये म्हणून तं गाडी थांबते. देवीले इथून काढलं तं उद्या कोन थांबवीन?"

"देवी माही बी हाये, किसनराव," बसंतीबाई म्हणाली. "मी तिले रोज हात जोडतो. पन मले एक सांगा. पोरीईले उन्हात उभं करून सोता सावलीत बसते, अशी कोनती माय पाह्यली तुमी?"

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. तानाबाई हातातल्या ताटाकडे बघत उभ्या होत्या. काल लेक घरी येऊन न जेवता झोपली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ताट बाजूच्या बाईच्या हातात दिलं. मग पुढे येऊन पदरानं माझ्या नाकावरचं कुंकू पुसायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांचं होतं, घट्ट बसलेलं. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि कढई घासून काढली, जशी घरची कढई घासतात तशी. "देवी माह्या घरी येईन," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "आपल्या ओट्यावर बसवू. तिथी सावली बी हाये अन् यायले कोनाले मनाई बी नाही."

"अन् गाडी?" किसनरावांनी विचारलं.

"मंग पाहू ना आज," बसंतीबाई म्हणाली.

आणि बघायला फार वेळ लागला नाही. वळणावर लाल गाडी दिसली. गाडी जवळ आली, हळू झाली. शामभाऊंनी खिडकीतून बघितलं. नाकावर कुंकू नव्हतं, पंखाला बांगड्या होत्या पण आत चपला घातलेल्या मुली बसल्या होत्या. नारळ त्यांच्या हातातच राहिला.

"इथची देवी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"तानाबाईच्या घरी गेली," बसंतीबाई आतूनच ओरडली. "इथी पोरी हायेत. पेपर हाये त्याईचा. थांबतो का जातो, सांग."

इंजिन घरघरत राहिलं. गाडीतले उतारू खिडक्यांतून माना काढून बघत होते. शामभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलींकडे. मग त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि नारळ माझ्या पायाशी असलेल्या दगडावर फोडला. सगळ्यांना वाटलं, आता ते नारळ मला वाहणार. त्यांनी तो वाहिला नाही. वाकून दारातून आत हात घातला आणि पहिला तुकडा प्रेरणाच्या हातावर ठेवला.

"घे बेटा," ते म्हणाले. "पेपरले जाऊन राह्यली ना? खाऊन घे. आरामानं चढा सगळ्या, मी थांबतो."

ते अजूनही थांबतात. थांबा काही मंजूर झालेला नाही, पण त्यांच्या सुट्टीत त्या गाडीवर येणारे चालकही थांबतात, कारण आता थांबायची सवय गाडीलाच लागली आहे. प्रेमसिंगनं त्या जाळीचं माझ्या पंखाखाली बाकडं करून दिलं आणि त्यावर म्हातारी माणसं बसतात. देवी तानाबाईंच्या ओट्यावर आहे, तिच्याकडे जायला कोणत्याच दिवसाची अडचण नाही. प्रेरणा आता यवतमाळला शिकते. सुट्टीत येते तेव्हा याच फाट्यावर उतरते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी वस्तू जुनी झाली, तिचं ठरलेलं काम संपलं, की तुम्ही दोनच गोष्टी करता. एक तर ती भंगारात घालता, नाही तर काचेत ठेवून तिला हात जोडता. दोन्हींत ती रिकामीच राहते. मला दोन्ही नको आहे. मला रंग द्या, माझ्या खुर्च्यांना तेल द्या, पावसाळ्यात माझं गळणारं छप्पर बुजवा. पण ते सगळं माझ्यात बसता यावं म्हणून करा. माझी उड्डाणं कोणी बंद केली असं तुम्हाला कुठे वाचायला मिळालं, तर त्या माणसाला उद्या सकाळच्या गाडीच्या वेळेला फाट्यावर घेऊन या. मी जमिनीवरच आहे, आणि माझी माणसं रोज जातात.

तुम्हीही या. आत शिरताना माझ्या पाया पडू नका. बसा.